बर्फ ओळखणाऱ्याची बायको

गिझेला श्टाइनरला कुणाच्या अंगावरच्या कपड्याला टाका घालायची वेळ आली, तर ती आधी त्याच्या हातात दोऱ्याचा तुकडा द्यायची. “चाव,” म्हणायची. “मी गाठ मारेपर्यंत चावत राहा. अंगावर कापड शिवतात ते मेलेल्याच्या. तू अजून आहेस, हे सुईला कळू दे.” सर्ब पोरं हसायची, हंगेरियन म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढायच्या, पण दोरा सगळे चावायचे. सुई हातात असताना तिच्याशी वाद घालायची आमच्या गावात कुणाची टाप नव्हती.

त्या जानेवारीत तर अख्खं गाव दोरा चावत होतं. बेलग्रेडहून सिनेमावाले आले होते. महायुद्धात, एकोणीसशे बेचाळीसच्या थंडीत, इथं हंगेरीचं सैन्य होतं, आणि त्या सैन्यानं घराघरातून ज्यू माणसं काढली, सर्बही काढले, तिसा नदीच्या बर्फावर नेऊन गोळ्या घातल्या आणि बर्फाखाली ढकलून दिले. त्यावर सिनेमा निघणार होता, जिथं घडलं तिथंच, त्याच महिन्यात. मरायला भरपूर माणसं हवी होती. मारायलाही हवी होती, पण कमी. दिवसाचा रोज मिळणार, वर दुपारी माशाचं लालभडक कालवण, म्हटल्यावर सहकारी सभागृहापुढं रांग लागली. कुणी ज्यू व्हायचं आणि कुणी शिपाई, हे देसांका नावाची कपडेखात्याची तरुण बाई अंगाला कोट कुठला बसतो यावर ठरवायची. न्हावी आणि त्याचा सख्खा मेहुणा दोन बाजूंना गेले आणि त्यावरून त्यांच्या घरात आठवडाभर कुणी धड बोललं नाही. खरे ज्यू विचाराल तर गावात एकच उरली होती, आणि ती सभागृहाच्या कोपऱ्यात बसून बाकीच्यांच्या कोटांना बटणं लावत होती.

लोकांना आश्चर्य वाटलं. गिझेला ते काम घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. नदीकडे तोंड करून ती कधी बसायची नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पोस्टातल्या बाईनं तिला तोंडावर विचारलं, “अगं गिझा, तुला बघवेल का ते?”

“मला कुठं बघायचंय?” गिझेला म्हणाली. “मला दिसायचंय.”

पोस्टातल्या बाईला काही कळलं नाही. तिनं खांदे उडवले आणि शिक्के मारत बसली.

ते कळायला आर्मिन माहीत असायला हवा. आर्मिन श्टाइनर म्हणजे तिचा नवरा, गावचा सोडावाला. मोठे कान, मोठं तोंड, आणि ते तोंड कधी बंद नसायचं. चाप दाबला की फसफसून सोडा येतो अशा निळ्या बाटल्या घोडागाडीत भरून तो सकाळी निघायचा आणि प्रत्येक दारात दोन बाटल्या आणि चार चहाड्या सोडून पुढं जायचा. आमच्याकडं वाइनमध्ये सोडा घातल्याशिवाय उन्हाळा सरत नाही, त्यामुळं उन्हाळ्यात तो राजा. हिवाळ्यात सोडा कोण पितो? मग आर्मिन नदीवर जायचा आणि बर्फ तोडायचा. मोठमोठ्या लाद्या कापायच्या, गाडीवरून आणायच्या, तळघरात पेंढ्यात पुरायच्या. पुढच्या ऑगस्टपर्यंत खाटकांचा आणि खानावळींचा बर्फ तिथूनच जायचा.

आणि बर्फ त्याला कळायचा. टाच आपटून, पहारीचा दांडा कानाला लावून तो सांगायचा, इथं बैलगाडी जाईल, इथं कुत्रं, इथं तेही नाही. गिझेला लग्न ठरण्याआधी पहिल्यांदा आमच्या गावी आली, तेव्हा हा पठ्ठ्या तिला पाहुणचार म्हणून थेट नदीवर घेऊन गेला. ती सुबोतित्सा शहरातली मुलगी, पायात नवे बूट, वडील तिथल्या ज्यू प्रार्थनाघराची झाडलोट आणि दिवाबत्ती बघणारे, नदी तिनं पुलावरूनच पाहिलेली. “माझ्या पावलावर पाऊल ठेव,” तो म्हणाला. “बोलू नकोस.” ती बोलली नाही. पण तोच सगळी नदी ओलांडेपर्यंत बोलत होता. पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्यानं आपले गारठलेले हात तिच्या मानेवर, केसांखाली ठेवले. ती किंचाळली, आणि मग हात काढ असं काही म्हणाली नाही. त्या दिवशीच तिचं ठरलं.

ती थंडी तिच्या मानेवर अजून होती. बावन्नाव्या वर्षी, केस पांढरे झाल्यावर, दारातून वारा आला की ती मान आक्रसायची नाही. तशीच थांबायची थोडी. बघणाऱ्याला वाटायचं, बाईला लकवाबिकवा आला की काय.

बेचाळीसच्या त्या जानेवारीत ती गावात नव्हती. आई आजारी म्हणून सुबोतित्साला गेली होती, आणि बर्फानं आगगाड्या बंद पडल्या. परत आली तेव्हा सगळं उरकलं होतं. सोड्याच्या कारखान्याचं दार सताड उघडं, तबेल्यात घोडा उपाशी, खुंटीवरचा कोट नाही, दारातले उंच बूट नाहीत. आर्मिन नाही. वसंतात बर्फ फुटला आणि खालच्या गावांना प्रेतं लागली, तेव्हा ती गावोगाव फिरली. चादर वर करून बघितली नाही अशी एक चादर ठेवली नाही. तो कुठं नव्हता. एका कोळ्यानं सांगितलं की त्यानं त्या दिवशी संध्याकाळच्या धुक्यात कुणीतरी एकटा माणूस बर्फावरून पलीकडे जाताना पाहिला होता. उंच होता का, विचारलं. असेल, म्हणाला कोळी.

बस्स. एवढ्यावर ती जगली. “आर्मिनला बर्फ कळतो,” ती म्हणायची. “शिपायांना नाही कळत. तो गेला असणार पलीकडं.” चव्वेचाळीसमध्ये गावातल्या उरल्यासुरल्या ज्यूंना आगगाड्यांत घालून मृत्युछावण्यांत नेलं, त्यात तीही गेली. तिथलं ती कधी बोलली नाही, म्हणून आम्हीही बोलणार नाही. पंचेचाळीसच्या शरदात ती चालत परत आली, अंगात नुसती हाडं उरलेली, आणि आली ती याच घरात, कारण आर्मिन परत आला तर याच घरी येणार.

तो आला नाही. का आला नाही याचंही उत्तर तिनं काढलं, आणि उत्तर काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. चव्वेचाळीसच्या गाड्यांत जे गेले ते सगळे मेले असंच जगात धरून चाललेत. आर्मिन जिथं असेल तिथं, अर्जेंटिनात म्हणा, कॅनडात म्हणा, त्याला कुणीतरी सांगितलं असणार, तुझी बायको गेली. मग तो कशाला येईल? रिकाम्या घराचं दार वाजवायला? त्याच्या शोधासाठी तिनं पत्रं पाठवली, रेडक्रॉसला, वर्तमानपत्रांना, बुएनोस आयरेसच्या सोडा कारखानदारांच्या संघटनेलासुद्धा. उत्तरं आली, सभ्य आणि कोरडी. त्याला कळवायचं कसं की ती जिवंत आहे, हा एकच घोर तिला लागलेला. आणि तेवढ्यात सिनेमावाले आले.

मध्यंतरी बेर्नात क्लाइन येऊन गेला होता. हा नोव्ही सादचा औषधवाला, उरलेल्या ज्यूंच्या मंडळाचा प्रमुख, विधुर, नेहमी इस्त्री केलेला. मंडळ नदीकाठी दगड बसवणार होतं, त्या दिवशी गेलेल्यांच्या नावांचा.

“गिझा, सगळी नावं कोरून झाली. आर्मिनची तेवढी जागा मोकळी आहे.”

“मोकळीच राहू दे.”

“आणखी एक,” बेर्नात म्हणाला. “बेलग्रेडच्या रब्बींशी, आपल्या धर्मगुरूंशी बोललो. अशा किती बायकांना त्यांनी मोकळं केलंय. नवरा गेला असं धर्माच्या दृष्टीनं मानलं की बाई पुन्हा… म्हणजे तिला पुढचा विचार करता येतो.”

“पुढचा म्हणजे कुणाचा? तुमचा?”

बेर्नातचे कान लाल झाले. “मी माझं नाव घेतलं नाही.”

“घेतलंत असतं तर निदान धाडस दिसलं असतं,” गिझेला म्हणाली आणि त्याच्यापुढं केक ठेवला. खसखस, अक्रोड, सफरचंद, आलुबुखाराचा मुरंबा, असे थर असलेला तो केक ती असा करायची की शिव्या खाऊनही माणूस दुसरा तुकडा मागायचा. बेर्नातनं मागितला.

त्याच केकासाठी दर रविवारी गाश्पारही यायचा. गाश्पार म्हणजे आर्मिनचा बर्फतोड्या, हंगेरियन, कॅथलिक, फावड्याएवढे हात आणि तोंडात शब्द मोजून चार. धंदा बुडून इतकी वर्षं झाली तरी तिला ‘मालकीणबाई’ म्हणायचा. बायको गेल्यापासून तर त्याचा रविवार तिच्याच स्वयंपाकघरात जायचा. लाकडं फोडून द्यायचा, धुराडं साफ करायचा, मग टेबलाशी बसायचा. गिझेला आर्मिनबद्दल बोलायची. तो परत आला तर कारखान्यात कुठली यंत्रं लागतील, घोड्याऐवजी आता मोटार घ्यावी लागेल, आर्मिनला मोटार चालवता येईल का. “बर्फ कळतो त्याला, गाश्पार. तुला तर माहीत आहे.” गाश्पार ताटलीत बघायचा. ती ते होकार समजायची.

सिनेमाचा दिग्दर्शक वुकाशिन हा डोळ्याखाली काळी वर्तुळं आलेला, सतत सिगरेट ओढणारा माणूस. देसांकानं गावातली चांगली शिंपीण म्हणून गिझेलाला त्याच्यापुढं उभं केलं आणि रोजाचा आकडा सांगितला.

“पैसे नकोत,” गिझेला म्हणाली.

वुकाशिननं सिगरेट काढली. “मग काय हवं?”

“बर्फावर माणसांची रांग दाखवणार आहात ना? त्यात मला उभी करा. आणि चेहरा दिसला पाहिजे. पाठमोरी उभी करून फसवू नका.”

“मावशी, हौस असेल तर करू की. पण थंडी फार असते, तासन् तास…”

“थंडीचं मला सांगू नकोस. तुझा सिनेमा अर्जेंटिनात जाईल का?”

“जाईल, नशिबात असेल तर. महोत्सव असतात, तिथून…”

“महोत्सवात सोडावाले जातात का?”

वुकाशिन देसांकाकडं बघायला लागला. देसांका छताकडं बघायला लागली. मग त्याला, कोण जाणे कसं, काहीतरी कळलं असावं. तो हसला नाही. “साध्या थेटरांतही लागेल,” तो म्हणाला. “मी तुमचा चेहरा जवळून घेतो. पडदाभर.”

पडदाभर! गिझेला त्या दिवशी घरी आली आणि आरशापुढं बसली. सत्तावीस वर्षांत तिनं स्वतःकडं एवढं निरखून पाहिलं नव्हतं. हनुवटी खाली आलेली, गालावर रेघा. ओळखेल का तो? तिनं केसांचा मधून भांग पाडून दोन्ही बाजूंना कानावरून वळवले, लग्नाच्या वेळी वळवायची तसे. पांढरे होते, पण वळण तेच. ओळखेल, तिनं ठरवलं. थेटरात बसून खुर्चीतून उठेल, मोठ्यानं काहीतरी बोलेल, आणि शेजारचे त्याला गप्प बस म्हणतील. ती एकटीच हसली आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं की आरसा उलटा ठेवावा लागला. किती आठवण यावी माणसाची? त्याला काही माप असतं की नाही?

त्या दृश्याचा दिवस उजाडला तो निळा, कडक, बिनवाऱ्याचा. नदीवर कॅमेऱ्यासाठी लाकडी फळ्यांचा रस्ता, बाजूला तंबू, काठावर कालवणाच्या कढया. बर्फ फोडून मोठं भोक करायचं काम अर्थातच गाश्पारकडं होतं. तो अंधार असतानाच आला होता. करवतीनं चौकोन कापला, लाद्या आकड्यानं ओढून बाजूला केल्या. पाणी काळं दिसत होतं, त्यावर वाफ.

मग त्यानं काठावरून बोरूच्या, नदीकाठच्या उंच वाळक्या गवताच्या, जुड्या आणल्या आणि भोकाच्या चारही बाजूंनी बर्फात रोवल्या, कमरेएवढ्या उंच.

दिग्दर्शकाचा मदतनीस धावत आला. “अहो काका, हे काय? चित्रात येतंय. काढा.”

गाश्पारनं काढल्या. मदतनीस वळला तशा पुन्हा रोवल्या.

“काका!”

“माणसं चालणार आहेत इथं,” गाश्पार म्हणाला. “उघड्या पाण्याला खूण हवी.”

“अहो, पण इथं माणसं मारतायत, खुणा कशाला लावतील? प्रेक्षक हसतील आपल्याला.” मदतनीसानं स्वतःच त्या उपटून बाजूला फेकल्या. गाश्पार वाकला, एकेक उचलली, आणि परत रोवायला लागला.

आरडाओरडा ऐकून वुकाशिन आला. रांग केव्हाची उभी होती: पोस्टातली बाई, न्हावी, शाळेतले गणिताचे मास्तर, मुलं, सगळे जुन्या कोटांत, पाय आपटत. पुढच्या टोकाला गिझेला होती, स्वतःच्याच काळ्या कोटात, डोक्यावर रुमाल न घेता, केस कानावरून वळवलेले. भोकापासून ती हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळं तिला सगळं ऐकू येत होतं.

“काय झालं, आजोबा?” वुकाशिननं विचारलं. “चित्रीकरण संपलं की लावा ना. आम्ही माणसांना सांभाळून चालवू.”

“तेव्हाही होत्या,” गाश्पार म्हणाला.

“कधी?”

“तेव्हा. मीच रोवल्या. त्यानं सांगितलं म्हणून.”

“कुणी सांगितलं?”

गाश्पारचं लक्ष वुकाशिनच्या खांद्यावरून मागं गेलं होतं. गिझेला रांगेतून बाहेर पडून बर्फावरून चालत येत होती. कॅमेऱ्यावाला ओरडला, मावशी, जागा सोडू नका. ती थांबली नाही.

“कुणी सांगितलं, गाश्पार?” तिनं विचारलं.

“मालकीणबाई, घरी चला. मी घरी सांगतो.”

“मी सत्तावीस वर्षं घरीच होते. इथं सांग.”

गाश्पारनं टोपी काढली. त्याची टाळू वाफाळत होती. “त्यांना बर्फ फुटत नव्हता,” तो म्हणाला. “हातगोळे टाकले, नुसते खड्डे पडले. मग विचारलं, इथं बर्फ कोण तोडतं? आम्हा दोघांना आणलं, मला घरातून, त्याला रांगेतून. अवजारं आमचीच. आम्ही कापला.”

“आर्मिननं.”

“दोघांनी. कापून झाल्यावर तो मला म्हणाला, जुड्या आण. मी म्हटलं, वेडा झालास का? तर म्हणाला, रात्री गोठेल, वरून बर्फ पडेल, कुणाला दिसणार नाही. उद्या कुणाचं तरी पोर घसरत येईल इथं. घट्ट रोव. अधिकारी हसत होता. रोवू दिलं त्यानं, गंमत म्हणून. मग मला म्हणाला, तू हंगेरियन ना, जा घरी. त्याला म्हणाला, तू थांब.”

गिझेलाचा श्वास वाफ होऊन येत होता, तेवढंच हलत होतं. “पण तो गेला असेल ना पुढं? पलीकडं? त्याला कळत होतं कुठून…”

“कळत होतं. खालच्या अंगाला पातळ पट्टा होता. आमच्यासारखा सवयीचा माणूस सरपटत गेला असता, शिपाई बुटांसकट आत गेले असते. करवत चालवताना मी त्याला डोळ्यानं दाखवलंही. त्यानं मान हलवली. माझ्याकडं बघून नाही म्हणाला. एक शिपाई माझ्या पाठीला बंदूक लावून उभा होता, मालकीणबाई. तो पळाला असता तर मी गेलो असतो. म्हणून नाही गेला. मी काठावर पोचेपर्यंत मागं बघितलं नाही. मग बघितलं.”

“बघितलंस?”

“बघितलं.”

“पुरतं?”

“पुरतं.”

बर्फावर इतकी माणसं असून कढईखालच्या लाकडांचा आवाज ऐकू येत होता.

“दर रविवारी,” गिझेला म्हणाली. “दर रविवारी तू माझ्या टेबलाशी बसून केक खाल्लास.”

“हो.”

“आणि मी मोटारीबद्दल बोलत होते.”

“तुम्ही बोलताना बऱ्या असायचात,” गाश्पार म्हणाला. “मी कसा सांगणार होतो? मीच का उरलो ते सांगावं लागलं असतं.”

तिनं हात उचलला. सगळ्यांना वाटलं आता त्याच्या थोबाडीत बसणार, आणि गाश्पारनं गाल पुढं केला, खरंच केला. पण तिनं त्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या टकलावर ठेवली. “थंडी बाधेल,” म्हणाली, आणि वळून तंबूकडं चालू लागली. चार पावलांवर थांबली. “तूही ये.”

वुकाशिननं जुड्यांकडं बघितलं, बराच वेळ. मग मदतनीसाला हलक्या आवाजात म्हणाला, काढ. त्याचं म्हणणं असं की पडद्यावर कुणाला अर्थ लागणार नाही, लोकांना वाटेल मारणाऱ्यांनीच खूण केली. कदाचित त्याचं बरोबर असेल, सिनेमातलं आम्हाला काय कळतं. आजही तो सिनेमा लागला की त्यात काळं पाणी दिसतं, माणसं दिसतात, बोरू दिसत नाहीत.

तंबूत कोटांचे ढीग होते आणि बटणांची एक रिकामी पेटी. गिझेलानं पेटी उपडी केली, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनिशी त्या बुटक्या पेटीवर बसली. गाश्पारला वाटलं तिला भोवळ आली. तो पाणी शोधायला लागला.

“पाणी नको. किती वाजले बघ.”

त्यानं कोटाच्या आतून साखळीचं घड्याळ काढलं. “अकरा वाजायला आलेत. का?”

“आमच्यात माणूस गेला की सात दिवस असं खाली बसायचं. लोक येतात, खायला आणतात, त्याच्याबद्दल बोलतात.” ती सरळ समोर बघत होती. “पण बातमी उशिरा आली, महिना उलटून गेल्यावर, तर सात दिवस नाहीत. एक तास. बाबांकडून ऐकलेलं. एकदा एका माणसाला अमेरिकेहून आई गेल्याचं कळलं, वर्षभरानं. तास बसला, उठला, दुकान उघडायला गेला. मी लहान होते, मला ते फार वाईट वाटलं होतं. आईसाठी एक तास?”

गाश्पार समोर जमिनीवर, कोटांच्या ढिगाला टेकून बसला.

देसांकानं तंबूचा पडदा बाजूला केला. डोळे सुजलेले होते तिचे. “मावशी, ऊन आत्ता चांगलं आहे, साहेब विचारतायत… तुमचा चेहरा घ्यायचा होता. तुम्ही म्हणाला होतात. नको असेल तर नको.”

“नको ग,” गिझेला म्हणाली. “आता कुणाला दाखवू?”

पडदा पडला. बाहेर वुकाशिनचा आवाज आला, मग शांतता, मग नकली बंदुकांचे बार. दोघंही दचकले. दुसऱ्यांदा बार झाले तेव्हा फक्त गाश्पार दचकला.

“बोल,” ती म्हणाली. “बसायला आलेल्यानं बोलायचं असतं. मीच बोलत आले इतकी वर्षं. तू कधी काही सांगितलं नाहीस.”

गाश्पारला बोलणं म्हणजे बर्फ तोडण्यापेक्षा अवघड. पण बोलला. आर्मिन सोड्यात चोरून रास्पबेरीचा रस घालून पाद्र्याच्या घरी द्यायचा आणि पाद्री त्याला चमत्कार म्हणायचा. आर्मिनला खरं म्हणजे अंधाराची भीती वाटायची, म्हणून तळघरात गाश्पारला पुढं धाडायचा. लग्नाआधी गिझेलाला नदीवर नेलं त्याच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून तो सगळा मार्ग दोनदा चालून बघितला होता, आर्मिनचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“दोनदा?” गिझेला म्हणाली. “मला म्हणाला होता, टाचेनं कळतं.”

“कळायचं. पण तुम्ही होतात ना.”

ती हसली, आणि हसणं अर्ध्यात मोडलं, आणि मग ती रडली, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखी. कुणाला किती वाट बघायला लावावी याला काही सुमार असतो, असं काहीतरी ती म्हणत होती, आर्मिनला म्हणत होती का देवाला ते गाश्पारला कळलं नाही. त्यानं तिला रडू दिलं. मग तिनं आणखी विचारलं, आणि त्यानं आणखी सांगितलं. शेवटी कुठला शर्ट होता अंगात. कानांना टोपी होती का. माझ्याबद्दल काही म्हणाला का.

“म्हणाला, बरं झालं, गिझा सुबोतित्साला आहे.”

“एवढंच?”

“दोनदा म्हणाला.”

बाहेर माणसं कालवणाकडं निघाली होती, भांड्यांचे आवाज येत होते, मेलेली माणसं मोठमोठ्यानं भूक लागल्याचं सांगत होती. गाश्पारनं घड्याळ बाहेर काढलं. त्याला ते सांगणं जड जात होतं, पण त्यांच्यात नियम असतात, आणि नियम मोडायचं पाप आपल्या माथी नको, असं त्याला वाटलं.

“तास होऊन गेला, मालकीणबाई.”

“तुझं घड्याळ पुढं आहे, गाश्पार,” ती म्हणाली.

गाश्पारनं घड्याळाकडं न बघता ते परत खिशात घातलं.